नीतिमान ‘ठरणे’ की नीतिमान ‘होणे’? अभ्यासगटासाठी मदत हवी

शिवाजीपार्क_वाचक (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी.

दादरला आमचा मराठी अभ्यासगट भरतो, शनिवारी संध्याकाळी दीड तास. पुढचे सहा शनिवार रोमकरांस पत्राचे अध्याय ३ ते ६ घ्यायचे आहेत. वीसेक माणसं असतात. निम्मी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), काही मेथॉडिस्ट, तीन-चार वसईकडचे कॅथलिक, आणि दोघं-तिघं कुठल्याच चर्चची नाहीत पण आस्थेने ऐकायला येतात.

अडचण शब्दापाशीच आहे. ‘नीतिमान ठरणे’ हे शब्द शब्बाथ शाळेपासून सगळ्यांना पाठ असतात. अर्थ विचारला की उत्तर येतं, ‘चांगलं वागणारा माणूस होणं’. रोम. ३:२८ मध्ये पौल म्हणतो की नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. म्हणजे आपल्या कानाला ऐकू येतं ते पौलाच्या बरोबर उलटं.

तीन गोष्टी हव्यात. ‘ठरणे’ आणि ‘होणे’ यांतला फरक दहा मिनिटांत कसा सांगावा? याकोब २:२४ (‘मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो’) कुणीतरी काढणारच, तेव्हा काय सांगावं? आणि ट्रेंटच्या परिषदेची, म्हणजे लूथरच्या चळवळीला उत्तर देणाऱ्या सोळाव्या शतकातल्या कॅथलिक परिषदेची, बाजू अशी कशी मांडावी की समोरच्या कॅथलिक माणसाला ती आपलीच वाटेल, व्यंगचित्र वाटणार नाही?

---

कोइने_वाचक

पहिल्या प्रश्नाला क्रियापदापासून सुरुवात करा. मूळ ग्रीक शब्द ‘डिकायोओ’. ग्रीकमध्ये विशेषणाला ‘-ओओ’ लावून क्रियापद करतात. विशेषण शारीरिक किंवा भौतिक गुणाचं असेल तर अर्थ ‘तसं करणे’ असा होतो. ‘टुफ्लोओ’ म्हणजे आंधळं करणे. विशेषण नैतिक किंवा मूल्याचं असेल तर अर्थ ‘तसं मानणे, तसं जाहीर करणे’ असा होतो. ‘आक्सिओओ’ म्हणजे योग्य समजणे. अयोग्याला योग्य बनवणे असा अर्थ तिथे लागत नाही. डिकायोओ या दुसऱ्या गटातला.

जुन्या करारात पुरावा सरळ मिळतो. अनुवाद २५:१ मध्ये दोन माणसांचा तंटा न्यायाधीशांपुढे येतो आणि ते निर्दोषाला निर्दोष ठरवतात, दोषीला दोषी. तिथलं हिब्रू क्रियापद ‘हित्स्दीक’. न्यायाधीश कुणाचा स्वभाव बदलत नाही, निकाल देतो. नीतिसूत्रे १७:१५ म्हणतं की दुष्टाला निर्दोष ठरवणारा परमेश्वराला वीट आणतो. इथे ‘ठरवणे’च्या जागी ‘सुधारणे’ घालून बघा. दुष्टाला सुधारणारा माणूस देवाला नकोसा का होईल? वाक्यच कोसळतं.

लूक ७:२९ तर दहा मिनिटांच्या वर्गासाठी पुरेसं आहे. तिथे ग्रीकमध्ये लोक ‘देवाला’ डिकायोओ करतात. माणसं देवाला नीतिमान बनवू शकत नाहीत, तो न्यायी आहे असं मान्य करू शकतात.

आणि नीतिसूत्रे १७:१५ वाचल्यावर लगेच रोम. ४:५ वाचा. देव अभक्ताला नीतिमान ठरवतो, असं पौल लिहितो. न्यायाधीशाने जे कधी करू नये तेच देव करतो, असं म्हणण्याइतकं धाडस त्या वाक्यात आहे. म्हणून ते वाचण्याआधी ३:२५-२६ (ख्रिस्ताच्या रक्ताने प्रायश्चित्त झालं, म्हणून देव पाप्याला नीतिमान ठरवूनही स्वतः न्यायी राहतो) झालंच पाहिजे, नाहीतर देव अन्यायी वाटेल.

---

शब्दवेडी

मला यात मराठीची एक वेगळी बाजू दिसते. मुंबईत तुमच्या गटात हिंदी-गुजराती बायबल वाचणारं कुणी असेलच. रोम. ५:१ तिन्ही भाषांत शेजारी ठेवा. हिंदीत ‘धर्मी ठहरे’, गुजरातीत ‘न्यायी ठरवणे’, मराठीत ‘नीतिमान ठरणे’. क्रियापद तिन्हीकडे एकच, आणि ते निकालाचंच आहे. ‘तो खटल्यात निर्दोष ठरला’ असं आपण रोजच्या वर्तमानपत्रात वाचतो. तेव्हा भाषांतरकारांनी ‘ठरणे’ निवडून चूक केलेली नाही, उलट फार नेमकं काम केलं आहे.

घोटाळा विशेषणात आहे. ग्रीकमध्ये ‘डिके’ म्हणजे न्याय, आणि ‘डिकायोस’ त्याच मुळाचा. मराठीत न्याय आणि नीती वेगळ्या घरातले शब्द झाले. न्याय कोर्टात, नीती वागणुकीत. ‘नीतिमान’ म्हटलं की ऐकणाऱ्याला शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवतो. पुढचं ‘ठरणे’ कितीही कोर्टाचं असलं तरी कान ‘नीती’वर अडकतो.

याला तोड आपल्याच बायबलमध्ये आहे. १ योहान १:९: ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे’. तिथे ग्रीक शब्द तोच, डिकायोस. म्हणजे मराठी बायबल एका ठिकाणी त्याला ‘न्यायी’ म्हणतं आणि रोममध्ये ‘नीतिमान’. पहिल्या शनिवारी ही दोन वचनं फळ्यावर लिहा आणि सांगा की शब्द एकच आहे. मग ‘देव नीतिमान आहे’ याचा अर्थ ‘देव न्यायाला धरून आहे’ असा ऐकू यायला लागतो.

---

माहीमकर

शब्दवेडी ताईंना +१. तरी छापील पानावर ‘नीतिमान’ बदलू नका. लोक घरून आणलेल्या बायबलात तोच शब्द बघणार. बाजूला ‘म्हणजे देवाच्या न्यायासनापुढे न्यायी’ एवढं लिहा.

---

वसईची_लेक

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण या बाबतीत आम्हा कॅथलिकांच्या तोंडी बरंच नको ते घातलं जातं.

पश्चिमेतल्या चर्चने हजार वर्षं हा विषय लॅटिनमध्ये वाचला. ‘युस्टिफिकारे’ हा शब्द ‘युस्टुम’ आणि ‘फाकेरे’ यांपासून, शब्दशः ‘न्यायी करणे’. ऑगस्टीनने त्याचा मुख्य अर्थ तसाच घेतला: देव पाप्याला आतून न्यायी करतो. त्यामुळे कॅथलिक परंपरेत ‘ठरणे’ आणि ‘होणे’ एकाच कृपेच्या दोन बाजू आहेत. देव बोलतो आणि त्याच्या बोलण्याने ते घडतं. ‘प्रकाश होवो’ म्हटल्यावर प्रकाश झाला, तसं.

आता ट्रेंट. सहावी बैठक, १३ जानेवारी १५४७, १६ प्रकरणं आणि ३३ नियम. सुरुवात पहिल्या नियमापासून करा, ‘केवळ विश्वासाने’ नाकारणाऱ्या नवव्यापासून नको. पहिला नियम काय म्हणतो? ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, निव्वळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत. प्रकरण ८ म्हणतं की नीतिमान ठरण्याआधीचं काहीही, मग तो विश्वास असो की कर्म, त्या कृपेची कमाई करू शकत नाही. ‘कॅथलिक कर्मांनी तारण कमावतात’ असं वर्गात कुणी म्हणालं तर हे दोन उतारे वाचून दाखवा.

प्रकरण ७ मध्ये पाच कारणं दिली आहेत. हेतू: देवाचा आणि ख्रिस्ताचा गौरव व सार्वकालिक जीवन. कर्ता: दयाळू देव. पुण्याईचं कारण: ख्रिस्त, त्याच्या दुःखसहनामुळे. साधन: स्नानसंस्कार (बाप्तिस्मा). आणि स्वरूप देणारं एकमेव कारण: देवाचं न्यायीपण, ज्याने तो स्वतः न्यायी आहे ते नव्हे, ज्याने तो आपल्याला न्यायी करतो ते. हा तक्ता फळ्यावर काढला तर अर्धे गैरसमज तिथेच गळतात.

---

गिरगाव_सुधारित

वसईची_लेक यांनी प्रामाणिकपणे मांडलं आहे, आणि खरा मतभेद कुठे आहे तेही त्यातच दिसतं. तो शेवटच्या कारणात आहे.

प्रश्न असा: देव मला ज्या आधारावर न्यायी म्हणून स्वीकारतो, तो आधार माझ्या आत आहे की बाहेर? ट्रेंट म्हणतं, देवाने माझ्या आत ओतलेलं न्यायीपण. लूथर आणि कॅल्व्हिन हे प्रोटेस्टंट सुधारक म्हणतात, ख्रिस्ताचं न्यायीपण, जे माझ्या बाहेर आहे आणि माझ्या नावे गणलं जातं. दोन्हीकडे कृपाच आहे. दोन्हीकडे ख्रिस्तच मूळ आहे. पण मरणाच्या दारात माणसाने कुठे बघायचं, स्वतःतल्या कृपेच्या कामाकडे की क्रुसाकडे, इथे फरक पडतो. हा फरक सभ्यतेपोटी पुसू नका. तो पुसणं कॅथलिकांवरही अन्याय आहे, कारण त्यांची परिषद या मुद्द्यावर विचारपूर्वक ‘एकमेव’ हा शब्द लिहून गेली.

‘गणणे’ हा पौलाचा शब्द, ग्रीक ‘लोगिझोमाय’. रोम ४ मध्ये तो ११ वेळा येतो. लोकांना पेन्सिल देऊन मराठी बायबलात खुणा करायला लावा. हा हिशेबाचा शब्द आहे. फिलेमोन १८ मध्ये पौल अनेसिम या दासाविषयी त्याच्या धन्याला लिहितो की त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. तिथलं क्रियापद याच कुळातलं. देणं अनेसिमाचं, खातं पौलाचं. ‘आरोपण’ हा जड शब्द वापरायची गरजच पडत नाही.

वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरांत (कॅल्व्हिनच्या परंपरेतलं सतराव्या शतकातलं शिकवणीचं पुस्तक) ३३ आणि ३५ हे प्रश्न शेजारी ठेवा. नीतिमान ठरवणं ही देवाची ‘कृती’ आहे, पवित्रीकरण हे देवाचं ‘कार्य’ आहे. निकाल एका क्षणी लागतो आणि पूर्ण असतो, पहिल्या दिवसाच्या विश्वासणाऱ्याला आणि साठ वर्षांच्या संताला सारखाच. पवित्रीकरण आयुष्यभर चालतं आणि प्रत्येकात कमी-जास्त असतं. ‘होणे’ हा शब्द तिथे ठेवा.

---

उत्तनकर

मग यावर जुना आक्षेप येतोच. आत काही बदललं नाही आणि देव नुसता ‘न्यायी’ म्हणतो, तर हा सगळा कागदोपत्री व्यवहार झाला. देव खोटं बोलतो का?

---

गिरगाव_सुधारित

@उत्तनकर, योग्य आक्षेप. उत्तर रोम ६ मध्ये आहे, म्हणूनच धागाकर्त्यांनी सहावा अध्याय धरला हे बरं केलं. गणना हवेत होत नाही, ख्रिस्ताशी जोडलेल्या माणसाची होते. लग्न झाल्यावर एकाचं घर दुसऱ्याचं होतं, ते काही खोटं नसतं, नातं खरं असतं म्हणून ते खरं असतं. कॅल्व्हिन ‘दुहेरी कृपा’ म्हणतो: ख्रिस्ताशी एक झाल्यावर नीतिमान ठरणं आणि नवं होणं, दोन्ही एकदम मिळतात. वेगळे ओळखता येतात, तोडता येत नाहीत. सूर्याचा उजेड आणि ऊब याची उपमा तोच देतो. उजेडाने ऊब लागत नाही, पण ऊब नसलेला सूर्यप्रकाशही नसतो.

---

भायखळा_वेस्ली

सीएनआय आणि मेथॉडिस्ट एकत्र बसणार म्हणून एक खुलासा. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झाली. तीत अँग्लिकन आले, जुनी युनायटेड चर्च आली, बॅप्टिस्ट आले, ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्टही आले. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट बाहेर राहिले. मुंबईतल्या मराठी मंडळ्यांची एक मोठी मुळं अमेरिकन मराठी मिशनची, जे १८१३ पासून इथे होतं आणि सुधारित, म्हणजे कॅल्व्हिनच्या, वळणाचं होतं. तेव्हा एकाच बाकावर बसलेल्या दोघांच्या आजोबांनी हा विषय वेगवेगळा शिकलेला असू शकतो.

मेथॉडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याचं म्हणणं थोडक्यात: नीतिमान ठरणं म्हणजे क्षमा. साधी, पूर्ण क्षमा. ख्रिस्ताचं न्यायीपण गणलं जातं ही भाषा त्याने नाकारली नाही, पण माणसं तिच्याआड लपून पाप करत राहतील याची त्याला धास्ती होती. आणि आधी येणारी कृपा, जी प्रत्येक माणसात हाक ऐकण्याइतपत जाग आणते. त्यामुळे आमच्याकडे विश्वास सोडला तर निकालही हातचा जाऊ शकतो. सुधारित मंडळींना हे पटणार नाही, पण वर्गात सांगा, कारण ट्रेंट आणि वेस्ली या एका मुद्द्यावर जवळ आहेत आणि हे कळल्यावर लोकांची गटबाजी जरा सैल होते.

---

किल्ला_कोर्ट

आता उदाहरणांबद्दल. शिकवण्यात सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो.

जामीन. ‘येशूने आपला जामीन घेतला’ असं पुष्कळदा ऐकू येतं. जामिनावर सुटलेल्या माणसाचा खटला चालूच असतो, तारखा पडतच असतात. पौलाचं रोम ८:१ म्हणतं की आता दंडाज्ञा नाहीच. म्हणून हे उदाहरण टाळा. इब्री ७:२२ मध्ये येशू अधिक चांगल्या कराराचा ‘जामीन’ झाला असं आहे खरं, पण तिथे जामीन म्हणजे हमी घेणारी व्यक्ती. सुटका असा अर्थ तिथे नाही. कुणी हे वचन काढलं तर तयारी असू द्या.

संशयाचा फायदा. पुरावा कमी पडला म्हणून सुटका. रोम ३:१९ मध्ये पुरावा भरपूर आहे, प्रत्येकाचं तोंड बंद झालं आहे. तेव्हा हेही नको.

न्यायाधीश उठतो आणि आरोपीचा दंड स्वतः भरतो. सर्वात लोकप्रिय. याने ३:२५ अर्धंच कळतं. फायदा असा की किंमत देवानेच दिली हे ठसतं. तोटा असा की दंड भरला तरी नोंदीत माणूस दोषीच राहतो. पौल त्याच्या पुढे जातो.

सोसायटीचा दाखला. मुंबईकराला हे पटकन कळतं. थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला म्हणजे देणं संपलं. तेवढ्याने माणूस सभासद होत नाही. सभासद व्हायला नाव वहीत चढावं लागतं. पापक्षमा म्हणजे दाखला, आणि रोम ८:१५ चा ‘दत्तकपणाचा आत्मा’ म्हणजे घरात नाव लागणं. नीतिमान ठरण्यात क्षमा आणि स्वीकार दोन्ही आहेत. पण हेही उदाहरण दाराशीच सोडा, कारण सोसायटीत दाखला पैसे भरणाऱ्यालाच मिळतो.

---

पंढरीची_वाट

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मन लावून वाचते आहे. श्रीवैष्णव परंपरेत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असा भेद आहे. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून राहतं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. त्या परंपरेच्या दोन शाखांपैकी वडकलै पहिला धरतात, तेनकलै दुसरा. इथल्या वादाशी हे जुळतं का?

---

कोइने_वाचक

@पंढरीची_वाट, फार नेमका प्रश्न, आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांनी ही तुलना केलेली आहे. कृपा आणि मानवी प्रयत्न यांचं नातं, या एका बाजूने ती जुळते. माणूस स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो म्हणणारा पेलागियस आणि कृपेवाचून ते शक्य नाही म्हणणारा ऑगस्टीन यांचा पाचव्या शतकातला वाद आणि ५२९ ची ऑरेंजची परिषद याच प्रश्नावर आहेत. परिषदेने सांगितलं की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. म्हणजे पिल्लाने धरलं तरी धरण्याचं बळ आईचं.

जिथे जुळत नाही ते असं: मांजर आणि पिल्लू यांच्यात खटला नाही. पौलाच्या मांडणीत न्यायासन आहे, दोष आहे, निकाल आहे. तुलना नेण्याच्या रीतीची आहे, निकालाची नाही. वर्गात ही उपमा पहिल्या दिवशी नको, चौथ्या-पाचव्या दिवशी ‘विश्वास हेही कर्मच नाही का’ हा प्रश्न आला की वापरा.

---

अंत्युखिया

सगळे लूथर आणि ट्रेंटमध्येच फिरत आहेत. ‘नियमशास्त्रातली कर्मे’ म्हणजे काय हे कुणी विचारलंच नाही.

१९७७ मध्ये नव्या कराराचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी दाखवलं की पहिल्या शतकातला यहुदी धर्म ‘पुण्य साठवा आणि तारण विकत घ्या’ असा नव्हता. करार देवाच्या निवडीने, आज्ञापालन त्या करारात राहण्यासाठी. त्यावर जेम्स डन आणि एन. टी. राइट यांनी मांडलं की पौलाचा रोख सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम यांवर आहे, म्हणजे आपण कोण आणि परके कोण हे दाखवणाऱ्या खुणांवर. मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांत सापडलेल्या, १९९४ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात ‘नियमशास्त्रातली कर्मे’ हा वाक्प्रचार हिब्रूत आहे, आणि तिथे विषय शुद्धाशुद्धतेच्या विशिष्ट नियमांचा आहे.

गलती २:११-१६ वाचा. नीतिमान ठरण्याचं पौलाचं पहिलं मोठं विधान कुठे येतं? अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, तिथे. आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे: पंक्तिभेद. महाराष्ट्रातल्या माणसाला हा उतारा युरोपातल्या माणसापेक्षा लवकर कळायला हवा. देवाने ज्याला स्वीकारलं त्याच्या ताटाशेजारी बसायला तू नकार देतोस, म्हणजे देवाचा निकाल तू फिरवतोस. एका ओळीत पौलाचा सगळा संताप येतो.

---

गिरगाव_सुधारित

पंक्तिभेदाचा मुद्दा मान्य, आणि तो वर्गात घ्यायलाच हवा. पण सगळं त्यात बसवू नका. रोम ४:४-५ मध्ये पौल सुंतेबद्दल बोलत नाही, मजुरीबद्दल बोलतो. काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती ऋण म्हणून, कृपा म्हणून नाही. पुढे ४:६-८ मध्ये दाविदाचा दाखला आहे. दावीद सुंता झालेला यहुदीच होता, त्याचा प्रश्न पापाचा होता, ओळखीच्या खुणेचा नव्हता.

---

अंत्युखिया

४:४-५ बद्दल तुमचं म्हणणं वजनदार आहे. तरी पुढे ३:२९ विसरू नका: ‘देव केवळ यहुद्यांचा आहे काय?’ हा प्रश्न ३:२८ ला लागूनच येतो. २८ वर थांबून धडा संपवला तर पौलाचं वाक्य मधेच कापल्यासारखं होतं.

---

वसईची_लेक

@अंत्युखिया, ३:२८ वरून आणखी एक. लूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात तिथे ‘केवळ’ हा शब्द घातला, जो ग्रीकमध्ये नाही. १५३० मध्ये त्याने त्याचं समर्थन केलं की जर्मन बोलण्याच्या ओघात तो शब्द लागतोच. मराठी बायबलात ३:२८ मध्ये ‘केवळ’ नाही. उलट ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी आहेत, याकोब २:२४ मध्ये, आणि तिथे ‘नव्हे’ आहे. हे लपवू नका, कॅथलिक सभासदाला हे ठाऊक असतं.

त्याच बरोबर हेही सांगा: पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १९ नोव्हेंबर २००८ च्या जाहीर प्रवचनात म्हटलं की विश्वासाला प्रीतीच्या विरोधात उभं केलं नाही, तर लूथरचं ‘केवळ विश्वासाने’ खरं आहे. गलती ५:६, प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास.

---

शब्दवेडी

याकोबाकडे आलोच आहोत तर पुन्हा ‘ठरणे’ बघा. मराठीत या शब्दाचे दोन उपयोग आहेत. एक, कुणीतरी निर्णय देतो: ‘तो निर्दोष ठरला’. दुसरा, पुढच्या घटनेने सिद्ध होतं: ‘पावसाचा अंदाज खरा ठरला’. अंदाज सकाळी दिला, संध्याकाळी हिंदमाताला पाणी भरलं तेव्हा तो खरा ‘ठरला’. पाण्याने अंदाज खरा केला नाही, खरा असल्याचं दाखवलं.

आता अब्राहाम. पौल उत्पत्ती १५:६ धरतो. तेव्हा सुंता झालेली नव्हती. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा, सुंता झाली तेव्हा ९९ वर्षांचा, आणि १५ वा अध्याय इश्माएलाच्याही आधीचा. म्हणजे निकाल सुंतेच्या किमान १३ वर्षं आधी लागला. पौलाचा रोम ४:१० चा युक्तिवाद या आकड्यांवर उभा आहे. याकोब मात्र उत्पत्ती २२ धरतो, इसहाक लाकडं वाहून नेण्याइतका मोठा झाल्यावरचा प्रसंग, आणि म्हणतो की तेव्हा १५:६ चा लेख पूर्ण झाला. पौल पहिला ‘ठरणे’ वापरतो, याकोब दुसरा. मराठी शब्दात दोन्ही मावतात.

---

उत्तनकर

हे सुंदर जुळतं, पण थोडं जास्तच सहज जुळतं असं वाटतं. याकोब २:१४ विचारतो, ‘तो विश्वास त्याला तारू शकतो का?’ म्हणजे प्रश्न दाखवण्याचा नाही, तारणाचा आहे.

---

शब्दवेडी

बरोबर पकडलंत. म्हणून त्याला २:१९ जोडा. भुतेही विश्वास धरतात आणि थरथर कापतात. याकोब ज्या विश्वासाबद्दल बोलतो ती नुसती माहितीची कबुली आहे, पौलाचा विश्वास म्हणजे भरवसा टाकणं. दोघांचा ‘विश्वास’ वेगळा आणि ‘ठरणे’ही वेगळं. एकाच फरकाने सगळं सुटत नाही, दोन्ही लागतात.

---

भायखळा_वेस्ली

शेवटच्या शनिवारी नीतिमान ठरण्याविषयीचं ऑग्सबर्गचं संयुक्त जाहीरनामापत्र ठेवा. ३१ ऑक्टोबर १९९९, लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च. ४४ परिच्छेद. जागतिक मेथॉडिस्ट परिषद २००६ मध्ये सामील झाली, सुधारित चर्चांची जागतिक संस्था २०१७ मध्ये विटेनबर्गला. परिच्छेद १५ चा आशय: केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात, आपल्या कसल्याही योग्यतेमुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा मिळतो, जो अंतःकरण नवं करून सत्कर्मांसाठी आपल्याला सज्ज करतो आणि पाचारतो. हे एक वाक्य तुमच्या गटातले सगळे एकत्र म्हणू शकतात.

---

गिरगाव_सुधारित

तेही खरं, आणि हेही सांगा की सगळ्या लूथरन चर्चांनी ते मानलं नाही. अमेरिकेतली मिसूरी सिनॉड ही लूथरन चर्च बाहेर राहिली. जाहीरनाम्याने सोळाव्या शतकातले बहिष्कार आजच्या, त्यात मांडलेल्या शिकवणीला लागू नाहीत असं म्हटलं. ट्रेंट रद्द झाली असं कुठेही म्हटलेलं नाही.

---

शिवाजीपार्क_वाचक (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आराखडा असा बदलला आहे.

१: १ योहान १:९ आणि रोम. ३:२६, न्यायी/नीतिमान. लूक ७:२९. शेवटी लूक १८:१४, जकातदार ‘नीतिमान ठरून आपल्या घरी गेला’.
२: रोम. ३:१९-३१, २८ वर न थांबता. टाळायची उदाहरणं.
३: रोम. ४, पेन्सिलीने ‘गणणे’च्या खुणा. फिलेमोन १८.
४: गलती २ आणि पंक्तिभेद. याकोब २.
५: ट्रेंटचा पाच कारणांचा तक्ता, लघु प्रश्नोत्तरं ३३ आणि ३५, वेस्ली.
६: रोम. ६ आणि परिच्छेद १५.

पाचवा शनिवार वसईकडच्या सभासदांपैकीच कुणाला तरी घ्यायला सांगतो.

हातात द्यायच्या पानावरचा मजकूर असा केला आहे, बघा:

‘नीतिमान ठरणे म्हणजे देवाच्या न्यायासनापुढे न्यायी म्हणून स्वीकारलं जाणं. ख्रिस्ताने आपल्यासाठी जे केलं त्याच्या आधारावर देव पाप्याला क्षमा करतो, आपल्या घरात घेतो आणि आपला आत्मा देतो. हे आपल्या विश्वासामुळे होतं, आपल्या कर्मांमुळे नव्हे.’

---

वसईची_लेक

‘आपला आत्मा देतो’ घातलंत, छान. यावर मी सही करेन.

---

कोइने_वाचक

एकच प्रत्यय बदला, पण तो बदलाच. ‘विश्वासामुळे’ नको.

ग्रीकमध्ये ‘डिया’ या शब्दापुढे षष्ठी आली तर अर्थ ‘च्या द्वारे’, द्वितीया आली तर ‘च्यामुळे’. नवा करार माणूस ‘डिया पिस्टेओस’ नीतिमान ठरतो म्हणतो, षष्ठी. ‘डिया पिस्टिन’ नीतिमान ठरतो असं एकदाही म्हणत नाही. ‘मुळे’ लिहिलं की विश्वास हे कारण होतं, आणि मग माणूस स्वतःचा विश्वास मोजायला बसतो: पुरेसा आहे का, कालच्यापेक्षा कमी झाला का. विश्वास हा घेणारा हात आहे. हात कापरा असला तरी त्यात पडलेलं दान पूर्णच असतं.

---

शिवाजीपार्क_वाचक (धागाकर्ता)

बदललं. शेवटची ओळ आता अशी: ‘हे कृपेमुळे होतं, ख्रिस्तामुळे होतं, आणि विश्वासाने आपल्या हाती येतं.’ पंचवीस प्रती काढायला देतो.